धरून ठेवलेलं

सोमवारच्या मीटिंगमध्ये नीलांबरीनं नव्या डायरेक्टरची नक्कल केली आणि उपासनाला हसू आवरलं नाही, एवढंच झालं. हसू पोटातून उसळून आलं आणि त्या उसळीबरोबर खाली काहीतरी सुटलं. थेंब असता तर तिनं तिकडे लक्षही दिलं नसतं, थेंबांची तिला सवय होती. पण हे ऊन होतं, थांबत नव्हतं, मांड्यांखाली पसरत खुर्चीच्या करड्या कापडात मुरत गेलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, कुणीतरी काढून न्यायला विसरल्यासारखं. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या त्या इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची ती मॅनेजर होती. मीटिंग तिनंच बोलावलेली, त्यामुळे उठायचंही तिनंच आधी. ती उठली नाही. लॅपटॉप मिटले, कपांची झाकणं लागली, माणसं एकेक करून बाहेर गेली. नीलांबरी दारात थांबली. पुण्याची, टीममधली सगळ्यात मोकळी पोरगी. "चल ना, कॉफी घेऊ." "तू हो पुढे, मला एक मेल टाकायचाय." "यार, तू आणि तुझे मेल," म्हणत तीही गेली. काचेपलीकडे पुढच्या मीटिंगची माणसं जमायला लागली होती. उपासनानं स्वेटर काढून कमरेला बांधला, उभी राहिली आणि विचार करायच्या आत हातातली पाण्याची बाटली खुर्चीवर उपडी केली. सगळं पाणी. मग दार उघडून म्हणाली, सॉरी, माझ्याकडून पाणी सांडलं, ती खुर्ची घेऊ नका. एक उंच, लालसर दाढीचा माणूस "नो वरीज, नो वरीज" करत पुढे आला, कोपऱ्यातल्या टेबलावरचे पेपर टॉवेल ओढून त्यानं गुडघे टेकले आणि ती खुर्ची दाबून दाबून पुसायला लागला. ती बघत उभी राहिली. राहू दे म्हणावं असं तिला खूप वाटत होतं. त्याचे हात ओले झाले, त्यानं ते पँटला पुसले आणि तिच्याकडे बघून हसला.

घरी जाताना गाडीच्या सीटवर तिनं ग्रोसरीची प्लास्टिकची पिशवी पसरली होती. वळणावर पिशवी करकरायची. रस्त्याच्या कडेनं मार्चमधल्या बर्फाचे काळपट ढीग, हीटर चालू, आणि हीटरच्या उबेबरोबर वर येणारा तो वास. खरंच येत होता की तिला वाटत होतं? हा प्रश्न तिला कधीच सुटला नव्हता. वासाशी तिचं नातं फार जुनं होतं. नागपूरला, इंदोऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आई तिला आणि भावाला शाळेत जायच्या आधी घासायची. आंघोळ घालायची असं म्हणता येणार नाही, घासायचीच. कानामागे, मानेवर, कोपरांवर, कातडी लाल होईपर्यंत. युनिफॉर्म रोज धुतलेला, रोज इस्त्रीचा. शाळा सीताबर्डीकडे होती, मोठी, चांगली म्हणतात तशी. पाचवीत तिच्या बाकावर बसणारी मुलगी उपासना उठली की आपल्या रुमालानं तिची जागा पुसायची. भांडण नाही, शिवी नाही, चेहऱ्यावर रागसुद्धा नाही. घरी शिकवलेलं असावं, जेवणाआधी हात धुवायला शिकवतात तसं. उपासनानं एकदाच आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं उपासनाला दोनदा आंघोळ घातली. आणि आज त्या दाढीवाल्या माणसानं गुडघे टेकून तिची जागा पुसली होती, आणि आज त्या जागेवर खरोखरच काहीतरी होतं. तिनं गाडीची खिडकी उघडली. गार वारा आत घुसला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं ती घरापर्यंत उघडीच ठेवली.

हे सगळं नेत्राच्या जन्मापासूनचं. नेत्रा आता कॉलेजं बघत होती. बाळ मोठं होतं, चिमटा लावावा लागला, नंतर शिंकताना, पायऱ्या उतरताना थोडंसं व्हायचं. होतंच, सगळ्यांना होतं, असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं किंवा स्वतःच ठरवलं होतं. चाळिशीनंतर दुसरंच एक सुरू झालं. घाई. नळाचा आवाज ऐकला की घाई, गार हवेत पाऊल टाकलं की घाई, आणि घर दिसलं की तर विचारूच नका, जणू आत कुणीतरी बसून रस्ता ओळखत होतं. मग ती सावध राहायला शिकली. सावध राहणं तिला नवं नव्हतं. सकाळी पाणी प्यायचं नाही. निघण्याआधी जायचं, पोचल्यावर जायचं, मध्ये कुठे सोय दिसली की गरज नसली तरी जाऊन यायचं. पँट काळीच घ्यायची. गावातल्या प्रत्येक दुकानात आत शिरल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे तिला झोपेत सांगता आलं असतं. पॅड ती दूरच्या दुकानातून आणायची, जिथे आपलं कुणी भेटायचं नाही, आणि स्वतःच स्कॅन करून बाहेर पडायची. खाली पॅड, वर चिप्सचं मोठं पाकीट. संग्रामनं, तिच्या नवऱ्यानं, कुठे जायचं नाव काढलं की तिचं काम निघायचं. मित्रांबरोबर केबिन घेऊ, नको. शिकागोला ड्राइव्ह करू, नको. नागपूरला तर ती चार वर्षं गेली नव्हती. व्हिसाचं कारण, मग नेत्राच्या परीक्षांचं कारण. खरं कारण विमानातली मधली सीट होती. आधी संग्राम वाद घालायचा, नंतर नुसता "ओके" म्हणायला लागला. पलंगावर ती कडेला सरकून झोपायची, आणि तोही दुसऱ्या कडेला सरकला होता. मधे एक माणूस झोपेल एवढी जागा असायची. त्यानं शेवटी स्वतःच एक गोष्ट केली. नागपूरला फोन लावून उपासनाच्या आईचं तिकीट काढलं. "तू जात नाहीस, तर त्यांनाच बोलवू. मे एंडला येतायत," तो म्हणाला. ती खूश झाली, खरंच झाली, आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, आई घरात येणार. आईच्या नाकाला कळणार.

एप्रिलमध्ये तिचा नेहमीचा चेकअप होता. डॉक्टर वयस्कर गोऱ्या बाई, पांढरे आखूड केस, बोलताना स्क्रीनकडे न बघता माणसाकडे बघायची सवय. ब्लड प्रेशर, झोप, पाळी, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "लघवी कधी नकळत होते का? खोकताना, हसताना, वाटेत?" उपासना म्हणाली, "नाही." किती पटकन म्हणाली ती, जणू कित्येक वर्षं उत्तर जिभेवर तयार ठेवलं होतं. डॉक्टर हसून उठल्या, पुढच्या वर्षी भेटू म्हणाल्या. उपासना पार्किंगमध्ये आली, गाडीत बसली, पट्टा लावला. समोरच्या भिंतीवर एक पक्षी काडी घेऊन बसला होता आणि ती काडी कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. खुर्ची आठवली. दाढीवाल्याचे ओले हात आठवले. ती परत आत गेली. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाली, "मी डॉक्टरांशी खोटं बोलले." मुलगी गोंधळली. पण पाचेक मिनिटांनी उपासना पुन्हा त्याच खोलीत होती, आणि डॉक्टर खुर्ची जवळ ओढून विचारत होत्या, किती दिवसांपासून?

"मुलगी झाल्यापासून."

"मुलगी केवढी आहे?"

"सतरा."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. पण त्या मान हलवण्यात दया नव्हती, आश्चर्य तर नव्हतंच. याच खोलीत त्यांनी असं किती बायकांकडून ऐकलं असेल, या विचारानं उपासनाला एकदम हलकं वाटलं आणि थोडा रागही आला. त्यांनी तपासलं, लघवी टेस्टला पाठवली, इन्फेक्शन नाही, साखर नाही. मग कागदावर पेनानं लघवीची एक वेडीवाकडी पिशवी काढून समजावलं. तुझ्या त्रासाचे दोन प्रकार आहेत, दोन्ही एकत्र. एक जोर पडल्यावर होतो, कारण खालून आधार देणारे स्नायू सैल झालेत. दुसरा घाईचा, पिशवी भरायच्या आधीच आवळते. आणि तू काय करतेस, तर सारखी जाऊन येतेस, पाणी पीत नाहीस. त्यानं पिशवीला थोडंसंच धरायची सवय लागते, आणि घट्ट लघवीनं ती आणखी चिडते. उपासनानं विचारलं, म्हणजे मीच वाढवलं? "तू सांभाळत होतीस," डॉक्टर म्हणाल्या, "फक्त चुकीच्या बाजूनं." गोळ्या आहेत, ऑपरेशनही आहे, पण आधी स्नायूंना शिकवू. त्यांनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, जी फक्त हेच काम करते.

दारावरचं नाव वाचून उपासनाचे पाय थांबले. वल्लरी, आणि पुढे चक्क मराठी आडनाव. तिला परत फिरावंसं वाटलं. जगातल्या सगळ्या माणसांत मराठी माणूस नको होता. मराठी माणूस भेटला की आधी आपलं आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग चेहऱ्यावर एक छोटासा हिशोब होतो, तो तिला लहानपणापासून वाचता यायचा. त्या हिशोबात आता हेही जाणार? पण दार उघडलं आणि तिशीतली, पोनीटेल बांधलेली मुलगी म्हणाली, "हाय, मी वल्लरी. माझं मराठी थोडं फनी आहे, मी इथेच बॉर्न आहे. इंग्लिश ओके की मराठी?" उपासना म्हणाली, इंग्लिश. इंग्लिशमध्ये हे शब्द कोरडे होते, हातमोजे घालून उचलल्यासारखे. तपासताना वल्लरी म्हणाली, आता आवळा. उपासनानं सगळा जीव एकवटला. "नाही नाही, ताई," वल्लरीच्या तोंडून मराठीच निघालं, "तुम्ही खाली ढकलताय. बहुतेक सगळ्या असंच करतात. वर घ्यायचं. लिफ्ट जाते ना वर, तसं. आणि श्वास नाही धरायचा." उपासनाला ती जागा सापडेचना. इतकी वर्षं जिला घासली, झाकली, शिव्या दिल्या, ती नेमकी कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. खूप वेळानं काहीतरी हललं, अंधारात चाचपडताना स्विचला बोट लागावं तसं. "दॅट्स इट!" वल्लरी म्हणाली. "ह्याला मराठीत काय म्हणतात? मी मम्मीला विचारलं तर ती 'शी' म्हणाली." उपासना आठवत राहिली. आई म्हणायची, 'खालचं'. खालचं नीट धू. खालचं कापड वेगळं वाळत घाल. त्याहून दुसरा शब्द तिच्याकडेही नव्हता.

दर गुरुवारी ती जायला लागली. शिंक येतेय असं वाटलं की आधी वर घ्यायचं, मग शिंकायचं. घाई झाली की पळायचं नाही. हे सगळ्यात कठीण. जिथे आहेस तिथे उभी राहा, झटपट चार-पाच वेळा आवळ, लाट ओसरू दे, मग चालत जा. कॉफी कमी. पाणी मात्र प्यायचं. लाल सिग्नलला गाडी थांबली की ती व्यायाम करायची, बाजूच्या गाडीतल्या माणसाला वाटायचं बाई कसला तरी गहन विचार करतेय. कधी जमायचं, कधी अजिबात नाही, आणि न जमलेल्या दिवशी चिडचिड व्हायची, नेत्रावर ओरडली जायची. "मॉम, व्हाय आर यू सो मॅड?" नेत्रा विचारायची. एका गुरुवारी संग्रामनं गॅरेजमध्येच अडवलं. "दर आठवड्याला ऑफिसमधून लवकर निघून तू जातेस कुठे? नीलांबरीनं सहज विचारलं मला." त्याचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली. तिनं सांगितलं. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, त्याच्याकडे न बघता, एका दमात. संग्रामनं हातातली किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "मला वाटलं, मी तुला नको झालोय." "नाही रे." "इतकी वर्षं, उपा?" तिला वाटलं तो आता जवळ घेईल. त्यानं घेतलं नाही, तो खाली पायरीवर बसला, आणि हातांनी तोंड झाकून रडतोय की हसतोय तिला कळेना. तिनं मग शेजारी बसायचं तेवढं केलं.

आई मेच्या शेवटी आली. व्हीलचेअरवरून. "गुडघे," ती म्हणाली. विमानात उठलीच नाही म्हणे, पाणीही घेतलं नाही. आई फार लहान झाली होती. येताना तिनं पांढऱ्या सुती कापडाचं एक जाडजूड गाठोडं आणलं होतं, ते कपाटात मागे ठेवलं आणि कुणी हात लावायचा नाही म्हणाली. संग्रामनं तिला लेकवर, मॉलमध्ये, इथल्या आपल्या लोकांच्या बुद्धविहारात न्यायचे बेत केले. आई सगळ्याला नाही म्हणायची. "तुमी जा बापा, मले गुडघ्यानं नाई जमत. मी घरीच बरी." पण त्याच गुडघ्यांनी ती घरातल्या पायऱ्या दिवसातून कितीदातरी चढायची, बाथरूममध्ये जाऊन बसायची, आतून पाण्याचा आवाज यायचा. उपासनाला हे दिसत होतं आणि दिसत नव्हतं. तिचं सगळं लक्ष आईला आपलं कळू नये याकडे होतं. दोघी एका घरात एकमेकींपासून सांभाळून वावरत होत्या, दोघींनी खोल्यांत अगरबत्त्या लावलेल्या, आणि नेत्रा म्हणायची, "इट स्मेल्स लाइक अ टेंपल इन हिअर."

जूनमधल्या एका दुपारी उपासना ग्रोसरी घेऊन घरी आली. घर दिसल्याबरोबर आतली ती घाई जागी झाली. उभी राहा, तिनं स्वतःला सांगितलं, आवळ, ओसरू दे. ओसरली. ती चालत दारापर्यंत आली, किल्ली फिरवली, आणि दार दोन बोटं उघडून अडकलं. आईनं आतून साखळी लावली होती. परमुलखात चोर कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून रोज लावायची. "आई!" "आली, आली," लांबून आवाज. सरपटत्या चपला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. उपासनानं दोन्ही हातांतल्या पिशव्या गच्च धरल्या, आवळलं, श्वास घेतला, पुन्हा आवळलं, आणि मग आतली ती नवी, नुकती शिकलेली पकड सुटली. फिक्या रंगाची पँट होती. त्या आठवड्यात हिंमत करून तिनं पहिल्यांदा काळ्याऐवजी फिकी घातली होती. साखळी निघाली, दार उघडलं. आईची नजर चेहऱ्यावरून खाली गेली, पायातल्या बुटांपर्यंत, पायपुसण्यावरच्या डागापर्यंत. उपासनाला वाटलं, आता. आता तो चेहरा दिसेल.

"तुलेबी?" आई म्हणाली.

बस, एवढंच. पिशव्या दारातच राहिल्या. आईनं तिचा दंड धरून बाथरूममध्ये नेलं, पँट उतरवायला लावली, टॉवेल दिला, आणि ती पँट बेसिनमध्ये हातानं धुवायला लागली. "मशीनमध्ये टाक, आई." "मशीनमधी वास रायते." नळाच्या आवाजात, पाठमोरी, आई बोलायला लागली. तुझ्या भावाच्या वेळेपासून. बाळंतपणाला महिनाही झाला नव्हता, तवा नळावरून पाण्याचे गुंड उचलले. कोण भरणार होतं? तवापासून अंग खाली येते. उभं रायलं का येते, ओझं उचललं का येते. आधी थोडं, मग जास्त. शिवणाच्या मशीनवर बसून रायलं का बरं वाटे, म्हणून शिवणच घेतलं. लोक म्हणत, बाई किती कामाची. उपासना टॉवेल गुंडाळून टबच्या काठावर बसली होती आणि तिच्या डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट सरकत होती, जागच्या जागी वळून बसत होती. तिच्या पदवीदानाला आई आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. भावाच्या लग्नात मांडवात न बसता मागे भांड्यांपाशी राहिली. आणि दसरा. दसऱ्याला सगळं जग दीक्षाभूमीवर यायचं, गावोगावचे नातेवाईक त्यांच्या दोन खोल्यांत मुक्काम करायचे, आई पहाटेपासून भाकऱ्या थापून सगळ्यांना वाटेला लावायची आणि स्वतः मागे राहायची. "घर कोण पाहीन?" म्हणायची. नागपुरात राहून वर्षानुवर्षं ती तिथे गेली नव्हती. कॉलेजात असताना उपासनाला त्याचा फार राग यायचा. आईची श्रद्धाच संपली, आई चुलीपुढे विझून गेली, असं तिनं मैत्रिणींना सांगितलंही होतं.

"आई, तू गर्दी सोसत नाही म्हणायचीस."

"गर्दीत कपडा कुठं बदलू? तिथं सारे पांढरे कपडे घालून येतात."

"कुणाला तरी सांगायचं ना गं."

आईनं नळ बंद केला आणि वळून बघितलं. "कोणाले?"

टोमणा नव्हता तो. आईला खरंच जाणून घ्यायचं होतं. उपासना एकेक नाव मनात पुढे करत गेली. फॅक्टरीतून थकून येणारे बाबा. दवाखान्यातला तो पुरुष डॉक्टर, जो लांबूनच औषध लिहायचा. भाऊ. शेजारच्या काकू, ज्यांच्या पोटात काही राहत नसे. आणि ती स्वतः, जी आधी रागावलेली होती आणि मग अमेरिकेत होती. एकही नाव टिकलं नाही. ती उठली आणि तिनं आईच्या हातातून पँट घेतली, पिळली. दोघींनी मिळून ती दांडीवर टाकली, आणि मग ते गाठोडं कपाटातून काढून उपासनानं उघडलं. धुऊन धुऊन जाळीदार झालेल्या घड्या. जुन्या साड्यांच्या.

वल्लरीला विचारलं तर ती म्हणाली, आजींना आधी डॉक्टरकडे न्या, अंग खाली येत असेल तर नुसत्या व्यायामानं होणार नाही. आई तयार होईना. या वयात? कापून टाकतील. परक्या बाईसमोर कपडे? उपासना रोज विषय काढायची, आई रोज भाजी निवडायला घ्यायची. शेवटी उपासना म्हणाली, "मी पण झोपले होते त्या टेबलावर. मी तिथेच उभी राहते, तुझा हात धरून." आईनं मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "हात नको धरू. पण उभी राय."

जुलैत गेल्या. त्याच पांढऱ्या आखूड केसांच्या डॉक्टर. त्या विचारायच्या, उपासना मराठीत सांगायची, आईचं उत्तर इंग्लिशमध्ये करायची, आणि 'खालचं' या शब्दासाठी दर वेळी नुसता हात हलवायची. डॉक्टर म्हणाल्या, पिशवी आणि गर्भाशय दोन्ही खाली सरकलेत, ऑपरेशन करता येईल, पण घाई नाही. आधी हे बघू. त्यांनी खणातून एक मऊ, रबरासारखी गोल कडी काढली. बांगडीएवढी. आत बसवली की वरचं सगळं उचलून धरते. त्यांनी ती बसवली, एक छोटी पडली म्हणून दुसरी घेतली. मग म्हणाल्या, आजी, बाहेर कॉरिडॉरमध्ये चालून या, खोका, उड्या मारता आल्या तर मारा. आई कॉरिडॉरमध्ये गेली. साडीचा पदर कमरेला खोचून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. खोकली. आधी हळू, मग जोरात, मग मुद्दाम, पुन्हा पुन्हा, नर्स वळून बघेपर्यंत. जिन्याच्या चार पायऱ्या चढली आणि उतरली. मग उपासनासमोर येऊन उभी राहिली, एक हात पोटाखाली ठेवून, आतल्या कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखी.

"येत नाई," ती म्हणाली. "कोरडी हाये."

डॉक्टरांनी समजावलं, काही महिन्यांनी काढून धुवून परत बसवायची, नागपूरलाही कुणी चांगली बाई-डॉक्टर हे करून देईल, नवं काही नाही यात, फार जुना उपाय आहे. उपासनानं हे सगळं सांगितलं. आई ऐकत होती. 'फार जुना' या शब्दांवर तिनं मान वर केली.

आई गाडीत बसली. उपासनानं तिचा पट्टा लावला. मग आई समोर बघत म्हणाली, "एवढंच होतं?"

उपासनानं किल्ली हातातच धरली.

"एवढीशी बांगडी? एवढंच होतं का वं?" आवाज चढला, फुटला. तिनं मूठ करून गाडीच्या दारावर मारली, एकदा, मग पुन्हा. आईला असं कधी बघितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही ती सगळ्यांना पाणी देत फिरत होती. आता ती वाकून रडत होती, तोंड उघडं, लहान पोरासारखी. मधेच थांबून पोटाखाली हात लावून बघत होती, आणि कोरडी आहे हे कळल्यावर आणखी रडत होती. उपासनाला म्हणायचं होतं, आई, आता झालं ना बरं. पण तिला ते खोटं वाटलं. गेलेलं सगळं काय ही बांगडी परत आणणार होती? तिनं इंजिन चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. तिचीही घाई जागी झाली होती. ती अजून बरी नव्हती, कधी पूर्ण बरी होईल की नाही वल्लरीनं सांगितलं नव्हतं, वाईट दिवशी अजून पॅड लागायचं. तिनं आवळलं, श्वास सोडला. लाट आली तशी गेली, बरीचशी.

२१२ नंबरच्या हायवेवर आई शांत झाली. नाक पुसलं, पदर सारखा केला. घराकडे वळायचा एक्झिट जवळ आला तशी उपासनानं सिग्नल लावला.

"काहून वळून रायली?"

"घर आलं ना, आई."

"नको. पुढं घे."

"पुढे काही नाहीये. शेतं आहेत नुसती."

"घे म्हणते ना."

एक्झिट मागे गेला. चास्का गाव गेलं. घरं विरळ झाली, मग संपली, आणि दोन्ही बाजूंना गुडघ्यापेक्षा उंच वाढलेला मका सुरू झाला, क्षितिजापर्यंत हिरवा. इथून पुढे सोय कुठे आहे हे उपासनाला माहीत नव्हतं. ही गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि तिनं वेग कमी केला नाही. फोन वाजला, संग्रामचा असणार. तिनं उचलला नाही. दर काही मैलांनी ती आईकडे बघायची, आणि आई बोटानं समोर दाखवायची. अजून. शेवटी एका खडीच्या फाट्यावर आई म्हणाली, "थांबव." उपासनानं गाडी कडेला घेतली. आई स्वतःच उतरली. दाराला धरून क्षणभर उभी राहिली आणि मग त्या खडीच्या रस्त्यानं चालायला लागली, मक्याच्या मधून, वाऱ्याच्या तोंडावर. आधी जपून, मग नेहमीसारखी, मग उपासनानं कधीच न बघितलेल्या चालीनं, मोठी पावलं टाकत, हात मोकळे सोडून.

"आई, किती लांब जातेस?"

आईनं मागे न बघता हात वर केला. येते असं, की ये असं, की थांब असं, ते कळलं नाही. ऊन कडक होतं. पांढरी साडी वाऱ्यानं पायांना लपेटत होती, पुन्हा मोकळी होत होती. उपासना गाडीला टेकून उभी राहिली. हाक मारून परत बोलवावं, उशीर होतोय म्हणून सांगावं, असं तिला सारखं वाटत होतं. आई आणखी लहान दिसायला लागली, आणि ती हाक न मारता बघत राहिली.